फळ्यासमोर उभे राहताना



डॉ. जयंत नारळीकर लहान असताना बनारसच्या त्यांच्या घरी मामा मोरेश्वर हुजूरबाजार फळ्यावर एक कठीण गणित लिहून ठेवीत. ते सुटेपर्यंत किंवा भाचा हार मानेपर्यंत पुसले जात नसे.

विज्ञानात वरच्या पदावर प्राध्यापक म्हणून अर्ज करणाऱ्यांनाही फळ्याची परीक्षा द्यावी लागते. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत ती रूढ आहे. तिला 'चॉक टॉक' म्हणतात. झालेल्या कामावरचे व्याख्यान पडद्यावर चित्रे दाखवून देता येते. येथे मात्र हाती फक्त खडू, समोर विभागातील प्राध्यापक आणि विषय पुढील पाच-दहा वर्षांचे काम. प्रश्न पहिल्या मिनिटापासून सुरू होतात. अनुभवी माणसेही येथे अडखळतात, कारण पडद्याची सवय झालेली असते.

समजा, आपल्या दमणगंगेच्या गाळात धातू किती काळ अडकून राहतात, हा तुमचा विषय आहे. तयारी अशी करावी :

१. मुख्य प्रश्न एका वाक्यात फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात लिहावा. तो शेवटपर्यंत पुसू नये.

२. त्याखाली तीनच कामे मांडावीत : पावसाळ्यापूर्वीचे नमुने, पावसाळ्यानंतरचे नमुने आणि प्रयोगशाळेतील पडताळणी.

३. प्रत्येक कामापुढे 'हे फसले तर?' याचे उत्तर तयार ठेवावे.

४. कोण करणार, पैसा कोठून येणार, विद्यार्थी किती लागतील, हेही सांगावे. ज्येष्ठ उमेदवाराकडून केवळ कल्पना नव्हे, तर गट चालवण्याची जाण अपेक्षित असते.

५. तासाभराची वेळ असेल तर वीस मिनिटांचाच मजकूर ठेवावा. उरलेला वेळ प्रश्न घेतात.

६. आकृती आधी कागदावर, मग फळ्यावर काढून पाहावी. लिहून झाले की तोंड श्रोत्यांकडे वळवावे.

७. सहकाऱ्यांना बसवून मुद्दाम मध्येच अडवायला सांगावे. उत्तर येत नसेल तर 'माहीत नाही, पण असे शोधीन' म्हणावे. थाप चटकन पकडली जाते.

निवड समितीला पाठ केलेले भाषण नको असते. अडवल्यावर आपण कसा विचार करतो, हे तिला पाहायचे असते. ही सवय शाळेच्या फळ्यापाशीच लागते. म्हणून फळ्यापाशी बोलावले की मागच्या बाकावर लपू नका.

स्वाध्याय : विज्ञानाच्या पुस्तकातील एक प्रश्न निवडा. पुस्तक मिटून तो पाच मिनिटे फळ्यावर समजावून सांगा. वर्गाने किमान तीन वेळा अडवावे.