दोरी घेण्याआधी जरा ऐक

अगं, तू पाठवलेले गाठीच्या दोऱ्यांचे फोटो बघितले. सगळ्यांवर एकच बिरुद: ‘हीट रेझिस्टंट’. भावही साध्या दोरीपेक्षा चांगलाच चढा. आणि खाली तुझा प्रश्न, ‘ताई, यातली कुठली घेऊ?’ आधी मला हे सांग, शिकारीला झाडावर चढलीस की खाली उतरणार कशी?

हसू नकोस. सगळं त्यावरच आहे. काठ्यांच्या पायऱ्या लावून चढलीस, वर सॅडलमध्ये (कमरेच्या पट्ट्यात) बसलीस आणि त्याच पायऱ्यांनी उतरलीस, तर तुझ्या गाठीला चटका बसायचं काही कारणच नाही. टेदरवरची, म्हणजे झाडाला बांधलेल्या रोपावरची, प्रुसिकची गाठ तू वर-खाली सरकवतेस ती वजन काढून. वजन पडलं की ती जागच्या जागी आवळते. सरकत नाही म्हणजे घासत नाही, आणि घासत नाही म्हणजे तापत नाही. पण हल्ली बरेच जण एकच काठी घेऊन टप्प्याटप्प्याने चढतात आणि येताना रोपावरून रॅपल करत उतरतात. तिथे मात्र अंगावरच्या कपड्यांसकट सगळं वजन त्या बोटभर गाठीवर घासत खाली येऊ शकतं. उष्णतेचा प्रश्न तिथला आहे.

पुण्यात गिर्यारोहणाच्या शिबिरात आपण नायलॉनच्या सहा मिलिमीटर दोरीचं प्रुसिक बांधायचो ना, गाठ तीच. ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिकने १९३१ साली ती लोकांपुढे आणली आणि अजून तिला फारसं कुणी हटवलेलं नाही. बदलला तो दोरीचा धागा. साधं नायलॉन सुमारे २२० अंश सेल्सिअसला वितळतं, पॉलिएस्टर २५०-२६० च्या आसपास. डायनीमा तर दीडशेच्या आतबाहेरच वितळतं, वर निसरडंही. ताकदीला ते वजनाच्या मानाने अफाट आहे, म्हणून सॅडलच्या ब्रिजसाठी (पुढच्या जोडदोरासाठी) लोक वापरतात, पण घासणाऱ्या गाठीसाठी डायनीमा घेऊ नकोस. विकणारा काहीही म्हणो.

तुझ्या फोटोतल्या महागड्या दोऱ्यांमध्ये आहे ते अरामिड. टेक्नोरा म्हण, केव्हलार म्हण, घराणं एकच. हे धागे वितळतच नाहीत. पाचशे अंशांच्या आसपास गेल्यावर करपतात, बस. (केव्हलारचा शोध स्टेफनी क्वोलेक या बाईंनी १९६५ मध्ये ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत लावला. झाडावर लटकणाऱ्या बायकांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.) नायलॉनची गाठ जोरात घसरली की वरचे धागे वितळून त्यावर काचेसारखी चकाकी येते. मग ती दोरी कडक होते आणि नीट धरत नाही. अरामिडचं असं होत नाही.

पण एवढ्यावर भाळू नकोस, कारण या धाग्यालाही खोडी आहेत. ऊन त्याला सोसत नाही. एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवलं की तो आतून तुटत जातो, आणि बाहेरून पत्ता लागत नाही. शिवाय तो ताणत नाही, म्हणजे झटका बसला तर तो तुझ्या कमरेला आणि पाठीला. म्हणून माझं मत विचारशील तर शुद्ध अरामिडपेक्षा वरच्या विणीत पॉलिएस्टर आणि टेक्नोरा मिसळलेली दोरी घे. हाताला मऊ असते, गाठ छान बसते आणि उतरताना थोडी तापली तरी जळत नाही. रॅपल करणारच नसशील तर चांगल्या नावाची पॉलिएस्टरची दोरीही पुरते. वाचलेल्या पैशांत हातमोजे घे.

जाडीकडे मात्र डोळे फाडून बघ. गाठीची दोरी रोपापेक्षा बारीकच हवी. अकरा मिमी रोपावर आठ मिमी छान चालते. दोन्ही जवळजवळ सारख्या जाडीच्या असल्या तर गाठ धरत नाही, आणि फारच बारीक घेतलीस तर अशी आवळून बसते की सोडवताना नखं तुटतील. प्रुसिक तशी आवळली तर सगळी गाठ ओढत बसू नकोस, मधला आडवा फेरा अंगठ्याने मागे ढकल, की ती सैल होते. लेबलवर ताकद किलोन्यूटनमध्ये छापलेली असते. एक किलोन्यूटन म्हणजे ढोबळ मानाने शंभर किलोंचा भार. जिच्यावर आकडाच नाही ती दोरी तंबूला बांध, स्वतःला नाही.

आता टोकांचं. यात लोक फार गंमत करतात. नायलॉनची सवय असलेला माणूस काडी ओढतो, टोक वितळवतो आणि मोकळा होतो. अरामिडला ते लागूच नाही. मिश्र दोरीत पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक गोळा होतो आणि टेक्नोराचे केसासारखे धागे तसेच बाहेर डोकावतात. दोन दिवसांत दशा सुटतात. आतला गाभा वेगळ्या धाग्याचा असेल तर वरचं कव्हर एकीकडे, गाभा दुसरीकडे.

मी असं करते. आधी कव्हर हाताने टोकाकडे सारत आणायचं, म्हणजे आत पोकळी राहत नाही. जिथे कापायचं तिथे टेप करकचून गुंडाळायची आणि टेपच्या बरोबर मधोमध कापायचं. स्वयंपाकघरातली कात्री आणू नकोस, ती चावते, कापत नाही. अरामिडचेच कापविरोधी हातमोजे बनतात, तेव्हा तो सहजासहजी कसा कापला जाईल? लाकडी फळीवर नव्या पात्याचा चाकू, नाहीतर सिरॅमिक कात्री. मग मेणवलेला दोरा सुईत ओवून, सुई कव्हर आणि गाभा दोन्हींतून आरपार काढायची आणि टोकाकडे जात एकाला एक चिकटून फेरे घ्यायचे. दोरीच्या जाडीच्या दीडपट रुंदी तरी हवीच. शेवटी पुन्हा दोन-तीन वेळा आरपार टाके. जहाजावरचे लोक शिडाच्या दोरांना असंच करत आले आहेत. त्यावर हवी तर हीट-श्रिंक नळी चढव, पण फक्त टोकावर. गाठ झाकायची नाही. प्रत्येक वेळी ती डोळ्यांना दिसली पाहिजे.

वेढा जोडायला डबल फिशरमन गाठ, दोन्ही शेपट्या किमान तीन इंच, आणि बांधल्यावर अंगाचं वजन टाकून ती बसवून घे. दोरी निसरडी वाटली तर ट्रिपल. दोन्ही टोकांना डोळे (पक्के फासे) हवे असतील तर कारखान्यात शिवलेली घे. आईच्या मशीनवर तू जीन्स अल्टर करतेस हे मला माहीत आहे, पण जीव टांगायची शिवण घरी घालायची नाही. आणि हो, रॅपलच्या रोपाच्या खालच्या टोकाला स्टॉपर गाठ असलीच पाहिजे.

हे सगळं जमिनीपासून हातभर उंचीवर आधी करून बघ. बस, उसळी मार, सरकव, सोड. मग नोव्हेंबरात एकदा भिजलेल्या रोपावर पुन्हा. ओल्या, गारठलेल्या रोपावर तीच गाठ वेगळी वागते. टेदर डोक्याच्या वर आणि कायम ताणलेला ठेव, मध्ये ढील नको. ढील असली की पाय घसरल्यावर तेवढं अंतर तू पडणार, आणि पुढे न ताणणारी दोरी.

झाड निवडताना ॲशकडे जाऊ नकोस. एमराल्ड ॲश बोररचा किडा २००२ मध्ये डेट्रॉइटच्या बाजूला सापडला, आणि त्यानंतर आपल्या मिशिगनमधली ॲशची झाडं उभ्याउभ्या मेली. बरी दिसतात, पण भरवसा नाही. ओक बघ, मेपल बघ. सरकारी जमिनीवर झाडात स्क्रूच्या पायऱ्या ठोकायला बंदी आहे, म्हणून तर आपलं हे दोऱ्यांचं काम सोयीचं.

दोरीवर खरेदीचा महिना लिहिलेला टॅग लाव. गाठीची दोरी रोपाच्या आधीच बदलायची असते. गाठ बसते तिथे चिमटीत धरून बघ. कडक, पातळ किंवा आत पोकळ लागली की तो तुकडा बागेत टोमॅटोला. धुवायची तर थंड पाणी, सौम्य साबण, आणि सावलीतच वाळव. ब्लीच अजिबात नको.

आणि आईला अजून ‘पक्षी बघायला जाते’ हेच चालू दे. मी तिच्याशी दिवाळीनंतर बोलेन.

तुझ्या रोपाची जाडी लेबलवर बघून कळव, मिमीमध्ये, अंदाजाने नको. सिरॅमिक कात्री भावजींच्या पेटीत आहे, ते शनिवारी तुझ्याकडे येतायत तेव्हा आणतील. १ ऑक्टोबरला धनुष्याने शिकारीचा मोसम सुरू होतोय, त्याआधी टोकं बांधून झाली पाहिजेत.