अमाइनांचें रक्षण आणि द्रवरूप लवणें

बांधणीची साडी आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिली असेल. ती रंगविण्यापूर्वीं कारागीर कापडाचे लहान लहान भाग चिमटींत धरून दोऱ्यानें घट्ट आवळतो, आणि मग तें कापड रंगाच्या भांड्यांत बुडवितो. पुढें दोरा सोडला म्हणजे आवळलेली जागा कोरीच्या कोरी राहिलेली दिसते. रंगकाम चालूं असेपर्यंत या दोऱ्यानें जागचें हलतां कामा नये. आणि तें संपल्यावर त्याची एक गांठहि मागें राहतां कामा नये. रसायनशास्त्रांत अगदीं असेंच एक काम आहे. त्याचा परिचय विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून देण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

प्रथम अमाइन म्हणजे काय तें पाहूं. अमोनिया वायूच्या रेणूंत नायट्रोजनाच्या एका अणूस हायड्रोजनाचे तीन अणु जोडलेले असतात. त्यांपैकीं एक, दोन किंवा तिन्ही काढून त्यांच्या जागीं कार्बनयुक्त गट बसविले म्हणजे अमाइन होतें. शिळ्या मासळीचा जो उग्र वास बाजारांत येतो, तो मुख्यत्वें ट्रायमिथिल अमाइनाचा. अ‍ॅनिलिन हेंहि एक अमाइनच. सन १८५६ मध्यें विल्यम पर्किन यानें अशुद्ध अ‍ॅनिलिनापासून जांभळा रंग काढला, आणि तेव्हांपासून कृत्रिम रंगांचा मोठा धंदा उभा राहिला. हातकणंगल्याहून जवळच असलेल्या इचलकरंजीस जें सूत व कापड रंगतें, त्यावरील पुष्कळ रंगांच्या मुळाशीं अमाइनेंच असतात. औषधांत तीं आहेत; आणि आपल्या देहांतील प्रथिनें ज्या अमिनो आम्लांचीं बनतात, त्यांतहि अमाइन गट आहेच.

आतां या अमाइनाचा स्वभाव मोठा उतावळा आहे. त्याच्या नायट्रोजनापाशीं इलेक्ट्रॉनांची एक जोडी मोकळी असते, व जो कोणी भुकेला रेणु जवळ येईल त्यास ती देऊन तें त्याच्याशीं संबंध जोडूं पाहतें. बारावीच्या विद्यार्थ्यांस याचा एक दाखला ठाऊक असतो. अ‍ॅनिलिनांत ब्रोमिनचें पाणी घालतांच पांढरा साका खालीं बसतो. कारण एकाच्या जागीं ब्रोमिनचे तीन अणु रेणूंत शिरतात. एकच अणु हवा असेल तर काय करावें? अ‍ॅसेटिक अनहायड्राइडाच्या योगानें अमाइन गटावर प्रथम एक आवरण घालावें, म्हणजे अ‍ॅसेटॅनिलाइड तयार होतें. मग ब्रोमिन घालावें, आणि शेवटीं आम्ल किंवा अल्क यांबरोबर उकळून तें आवरण काढून टाकावें. अशा तात्पुरत्या आवरणास संरक्षक गट म्हणतात.

प्रथिनांसारखे लांब रेणु जोडतांना तर या आवरणावांचून चालतच नाहीं. ग्लायसिन आणि अलानिन हीं दोन अमिनो आम्लें घ्या. प्रत्येकाच्या एका अंगास अमाइन व दुसऱ्या अंगास आम्ल असतें. दोहोंस नुसतें एकत्र करून जोडूं लागलों, तर ग्लायसिन-अलानिन, अलानिन-ग्लायसिन, ग्लायसिन-ग्लायसिन व अलानिन-अलानिन अशा चार जोड्या होतील, आणि आपणांस हवी असलेली एक जोडी त्या गर्दींत हरवेल. जेथें जोड नको तेथें आवरण घातलें, तर मात्र इष्ट जोडीच मिळते. सन १९३२ मध्यें मॅक्स बर्गमन व लिओनिदास झर्व्हास या दोघां रसायनज्ञांनीं अमाइनावर घालतां येईल व पुढें सौम्यपणें काढतां येईल असा एक गट शोधून काढला. सन १९५७ मध्यें दुसरा एक गट पुढें आला, त्यास संक्षेपानें ‘बॉक’ म्हणतात. ब्रूस मेरीफील्ड यानें सन १९६३ मध्यें प्रथिनांचे तुकडे जोडण्याची जी नवी रीत प्रसिद्ध केली, तींत हा गट फार उपयोगी पडला. त्या रीतीबद्दल त्यास सन १९८४ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

बॉक गट बहुधा ‘बॉक अनहायड्राइड’ नांवाच्या पदार्थांतून अमाइनावर चढवितात. त्या वेळीं कार्बन-डाय-ऑक्साइड वायु व एक साधा अल्कोहोल बाहेर पडतो. काम संपल्यावर ट्रायफ्लुओरोअ‍ॅसेटिक आम्लासारख्या आम्लानें हा गट निघून जातो. परंतु कांहीं अमाइनें मंद असतात, व त्यांवर आवरण चढण्यास वेळ लागतो. त्यांस घाई करावी म्हणून उत्प्रेरक घालतात. पूर्वीपासून वापरांत असलेले कांहीं उत्प्रेरक प्रसंगीं नको ते पदार्थहि निर्माण करतात, आणि काम झाल्यावर उडून जाणाऱ्या द्रावकांबरोबर ते टाकाऊ पदार्थांत जमा होतात. यावर उपाय शोधतां शोधतां शास्त्रज्ञांची दृष्टि आयनिक द्रवांकडे वळली.

आयनिक द्रव म्हणजे पातळ रूपांत असलेलें लवण. घरांतील मीठ ८०१ अंश सेंटिग्रेडपर्यंत तापविलें तरच वितळतें. कारण त्याचे धन व ऋण आयन सारख्या विटांप्रमाणें एकमेकांस घट्ट बिलगून बसतात. पण एक आयन मोठा व वेडावांकडा असला, तर अशी नीट रचना जमत नाहीं, आणि लवण थोड्या उष्णतेनेंहि पातळ होतें. ज्याचा द्रवणांक १०० अंशांच्या खालीं, त्यास आयनिक द्रव म्हणण्याचा प्रघात आहे. पॉल वाल्डेन यानें सन १९१४ मध्यें वर्णिलेलें एथिल अमोनियम नायट्रेट सुमारें १२ अंशांसच वितळतें. हवा व पाणी यांत टिकणारे आयनिक द्रव सन १९९२ मध्यें प्रसिद्धीस आले, आणि मग त्यांवरील संशोधनास वेग आला. हे द्रव सहसा हवेंत उडून जात नाहींत; म्हणून तयार झालेला पदार्थ वेगळा काढून तोच द्रव पुनःपुन्हां कामास लावतां येतो.

या कामांत आपल्या देशाचा वांटा लहान नाहीं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतील संशोधकांनीं सन २००३ मध्यें आयनिक द्रवांत श्रवणातीत ध्वनिलहरींच्या साहाय्यानें अल्कोहोलांवर अ‍ॅसेटिल आवरण घालून दाखविलें. कोल्हापुरास सन १९६२ मध्यें स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठांतहि आयनिक द्रवांवर संशोधन झालेलें आहे. अमाइनांवर बॉक आवरण घालण्यासाठीं आम्लधर्मी आयनिक द्रवाचा उत्प्रेरक म्हणून उपयोग हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेनें सन २००८ मध्यें प्रसिद्ध केला. सन २०११ मध्यें पंजाबांतील मोहालीच्या राष्ट्रीय औषधनिर्माण शिक्षण व संशोधन संस्थेनें त्याचें मर्म उलगडलें. इमिडॅझोलियम नामक आयनाच्या कड्यांत एका विशिष्ट जागीं असलेला हायड्रोजन बॉक अनहायड्राइडाच्या ऑक्सिजनास आपल्याकडे ओढतो; त्यामुळें शेजारचा कार्बन इलेक्ट्रॉनांसाठीं अधिक आतुर होतो, आणि अमाइन त्यावर सहज जाऊन बसतें.

परंतु एवढ्यानें हुरळून जाऊं नये. याच मोहालीच्या संस्थेनें सन २००६ मध्यें असें दाखविलें होतें कीं, पुष्कळ अमाइनांवर बॉक आवरण नुसत्या पाण्यांत, कोणत्याहि उत्प्रेरकावांचून चढतें! तेव्हां नवें साधन हातीं आलें म्हणून तें वापरलेंच पाहिजे असें नाहीं. दुसरेंहि एक आहे. आयनिक द्रव हवेंत जात नाहीं हा त्याचा गुण खरा. पण निष्काळजीपणानें सांडला तर तो पाण्यांत जातो. लांब कार्बनसांखळीचे कांहीं आयनिक द्रव जलचरांस विषारी ठरले आहेत, व त्यांतील कांहीं लवकर कुजून नाहींसेहि होत नाहींत. वस्तीचें व कारखान्यांचें सांडपाणी मिसळून पंचगंगा कशी मलिन होते, हें आपल्या तालुक्यांतील पालकांस आम्हीं सांगावयास नको. जें रसायन परत गोळा करून वापरलें जात नाहीं, तें कितीहि नवें व शास्त्रीय असलें तरी शेवटीं कोणाच्या तरी पिण्याच्या पाण्याशीं त्याची गांठ पडते.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं जण पुढें रंगाच्या, औषधाच्या किंवा कापडाच्या धंद्यांत शिरतील. त्यांनीं कोणतेंहि आवरण घालण्यापूर्वीं तीन प्रश्न स्वतःस विचारावे. हें खरोखर आवश्यक आहे काय? काम झाल्यावर तें आंतील पदार्थास इजा न करतां निघेल काय? आणि निघाल्यावर तें, व त्यास घालावयास लागलेलें साहित्य, कोठें जाईल? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें परीक्षेंत विचारलीं जातात. तिसऱ्याचें उत्तर मात्र नदीकांठच्या गांवांस द्यावें लागतें, हें त्यांनीं विसरूं नये.