म्हातारे मांजर, त्याचे आजारपण आणि घरातल्यांचे दुःख

या सदरात आपण रक्तदाब, मधुमेह, सांधेदुखी अशा तक्रारींविषयी बोलत असतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे. झोप लागत नाही, छातीत धडधडते, अन्नावर वासना नाही, असे सांगत रुग्ण दवाखान्यात येतात. तपासणीत विशेष काही आढळत नाही. चार गोष्टी विचारल्यावर एखादी आजी किंवा एखादे निवृत्त गुरुजी खाली मान घालून सांगतात, "डॉक्टर, हसू नका, पण घरचं मांजर गेलं." हसण्यासारखे यात काही नाही. पंधरा वर्षे घरात वावरलेला जीव आजारी पडतो आणि जातो, तेव्हा त्याचा परिणाम घरातल्यांच्या प्रकृतीवर होतोच.

आमच्या नांदेडच्या घरात ठकी नावाची मांजर सोळा वर्षे होती. वडील गेल्यानंतर आईला तिचीच सोबत होती. लातूरला माझ्या धाकट्या बहिणीकडे काळू नावाचा बोका होता. हे दोन्ही जीव अवघ्या दीड वर्षाच्या अंतराने गेले. त्या काळात जे पाहिले आणि पशुवैद्यांकडून जे समजून घेतले, ते इतरांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहे.

मांजराचे म्हातारपण कसे ओळखावे?

मांजराचे पहिले वर्ष माणसाच्या सुमारे १५ वर्षांइतके व दुसरे सुमारे ९ वर्षांइतके धरतात. त्यापुढील प्रत्येक वर्ष ४ वर्षांइतके मानले जाते. या हिशेबाने सोळा वर्षांची ठकी ऐंशीची झाली होती. माझी आईही त्यावेळी ऐंशीला टेकलेली. "आम्ही दोघी एकाच वयाच्या," असे ती म्हणायची, ते खरेच होते.

मांजर आपले दुखणे लपवते. दुखत असले तरी ते ओरडत नाही. कपाटामागे, पलंगाखाली, माळ्यावर जाऊन बसते. मांजर मरताना घर सोडून जाते असे लोक म्हणतात, त्यामागे ही आडोसा शोधण्याची सवय आहे. म्हणून दहा वर्षांनंतर लक्ष आपणच ठेवावे लागते. पुढील खुणा ध्यानात ठेवाव्यात :

१) पाणी जास्त पिणे व लघवी जास्त होणे.
२) वजन हळूहळू उतरणे, पाठीचा कणा हाताला लागणे.
३) तोंडाला घाण वास येणे, लाळ गळणे, खाताना एकाच बाजूने चावणे.
४) भरपूर खाऊनही वाळत जाणे. हे मधुमेहात किंवा गळ्यातील थायरॉईड ग्रंथी वाढल्यानेही होते.
५) अंग चाटून स्वच्छ ठेवणे बंद होणे, केस चिकट व विस्कटलेले दिसणे.
६) उंचावर उडी न मारणे. हे बहुधा सांधेदुखीमुळे असते.

मूत्रपिंडाचा विकार

म्हाताऱ्या मांजरात सर्वाधिक आढळणाऱ्या रोगांपैकी एक म्हणजे मूत्रपिंड निकामी होत जाणे. ठकीला हाच विकार होता. मूत्रपिंडाचे सुमारे दोन तृतीयांश काम थांबेपर्यंत बाहेरून काही कळत नाही. नंतर मांजर सारखे पाणी पिऊ लागते, कारण मूत्रपिंड पाणी धरून ठेवू शकत नाही. पुढे उलट्या होतात, भूक मंदावते, अशक्तपणा येतो. रक्तातील क्रिएटिनिन तपासल्यावर अंदाज येतो. मांजरात ते १.६ मिलिग्रॅमच्या वर गेले की पशुवैद्य सावध होतात.

हा रोग बरा होत नाही, पण मांजराचे दिवस सुखाचे करता येतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पारा ४२ अंशांवर जातो. अशा वेळी पाण्याला फार महत्त्व आहे. घरात तीन-चार ठिकाणी मातीच्या पसरट भांड्यांत पाणी ठेवावे व ते रोज बदलावे. कोरड्या खाण्यापेक्षा ओलसर खाणे बरे. पशुवैद्यांनी सांगितल्यास कातडीखाली सलाईन देता येते आणि ते कसे द्यायचे हे घरातल्यांना शिकवतात. ठकीला दर तिसऱ्या दिवशी सलाईन लागे. आई तिला मांडीवर धरून बसायची. असे आठ महिने गेले, आणि ते बरे गेले.

आहार व औषधांबाबत खबरदारी

आपल्याकडे मांजराला दूध-पोळी किंवा दूध-भात घालण्याची पद्धत आहे. परंतु मांजर हा मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचा घटक त्याला मांस-मासळीतूनच मिळतो. तो न मिळाल्यास डोळे जातात आणि हृदय कमकुवत होते. हृदयाशी असलेला हा संबंध १९८७ साली अमेरिकेत सिद्ध झाला. शिवाय बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात. शाकाहारी घरात मांजर पाळायचे असेल तर त्याच्यासाठी तयार खाद्य आणावे.

माणसांची औषधे मांजराला कधीही देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. हे औषध निकामी करण्याची व्यवस्था त्याच्या यकृतात पुरेशी नसते. त्यामुळे रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही आणि हिरड्या काळपट-निळसर पडतात. कांदा-लसूण घातलेले कालवण, फिनेलने पुसलेली ओली फरशी, कुत्र्याच्या गोचिडांसाठी वापरायचे परमेथ्रिनयुक्त औषध, हेही मांजराला विषारी आहे.

दोन प्रसंगी मुळीच थांबू नये. बोका सारखा लघवीला बसतो पण थेंबही होत नाही, असे दिसल्यास त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. तसेच मांजराने दोन दिवस काहीच खाल्ले नाही तर त्याच्या यकृतात चरबी साठू लागते. लठ्ठ मांजराला हा धोका अधिक असतो.

कोठे जावे?

जनावरांचा दवाखाना म्हणजे गाई-म्हशींसाठीच, असा आपला समज असतो. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मांजरही दाखवता येते. मोठ्या तपासण्यांसाठी मराठवाड्यात उदगीर व परभणी येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे प्राण्यांचे रुग्णालय आहे. मांजर नेताना वेताच्या टोपलीत किंवा हवा खेळत राहील अशा पिशवीत, त्याच्या नेहमीच्या चिंध्यांसह न्यावे. ओळखीच्या वासाने ते कमी घाबरते.

शेवटचा निर्णय

लातूरच्या काळूच्या जिभेखाली गाठ आली. बहिणीने त्याला उदगीरला नेले. तो कर्करोग निघाला. काही आठवड्यांतच त्याला पाणीही गिळता येईना. तेव्हा तिचा फोन आला, "दादा, त्याला इंजेक्शन द्यायचं म्हणतात. मला पाप लागेल का रे?"

आपल्याकडे मांजर मारले तर काशीला सोन्याचे मांजर दान करावे लागते, असे म्हातारी माणसे सांगतात. या समजुतीमुळे मांजराची हत्या टळत आली आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. पण वेदनेने तळमळणाऱ्या जिवाची सुटका करणे आणि त्याला मारणे यांत फरक आहे. ज्या दुखण्याला उपाय उरला नाही, तेथे वैद्यकाचे काम वेदना कमी करण्याचे असते. मी तिला तसेच सांगितले आणि निर्णय मात्र तिच्यावर सोडला.

अशा निर्णयासाठी एक साधी पद्धत आहे. अमेरिकेतील पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबॉस यांनी २००४ साली सात प्रश्न सुचवले. वेदना आटोक्यात आहे का? खाणे होते का? पाणी पोटात जाते का? अंग स्वच्छ राहते का? जवळ आल्यावर आनंद दिसतो का? उठून चालता येते का? वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का? प्रत्येकाला शून्य ते दहा गुण द्यावेत. बेरीज ३५ च्या वर असेल तर शुश्रूषा चालू ठेवावी, त्याखाली घसरली तर पशुवैद्यांशी स्पष्ट बोलावे. बहिणीने आठवडाभर रोज कॅलेंडरवर आकडे लिहिले. शेवटच्या दिवशी बेरीज नऊ होती.

या पद्धतीत आधी गुंगीचे औषध देतात आणि मग शिरेतून भुलीचे औषध मोठ्या मात्रेत देतात. काही मिनिटांत श्वास व हृदय थांबते. डोळे उघडे राहतात, एखादा स्नायू फडफडतो. ती वेदना नव्हे. हे काम पशुवैद्यानेच करावयाचे आहे. विष घालणे किंवा पोत्यात घालून सोडून येणे हा क्रूरपणा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्याकडे १९६० पासून आहे.

मृत मांजर गोदावरीत किंवा मांजरा नदीत टाकू नये. विहीर व बोअरपासून दूर, किमान तीन फूट खोल पुरावे. इंजेक्शन दिलेले असल्यास ही खोली फार महत्त्वाची आहे, कारण ते शव उकरून खाणारी कुत्री व पक्षीही दगावतात.

एक इशारा

मांजराने मरण्यापूर्वी उगाच चावे घेतले असतील, त्याला गिळता येत नसेल, चालताना झोकांड्या जात असतील, तर रेबीजची शंका घ्यावी. असे मांजर चावले किंवा ओरबाडले असेल, अथवा त्याची लाळ जखमेला लागली असेल, तर ती जागा साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. माया कितीही असली तरी यात हयगय नको.

मागे राहिलेल्यांची प्रकृती

ठकी गेल्यावर शेजारच्या एक बाई सहजपणे म्हणाल्या, "काकू, मांजरच तर होतं. दुसरं आणा की!" आई काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून ती आमच्यासमोर रडायची थांबली, आणि चार दिवसांनी तिचा रक्तदाब १८० वर गेला. पाहिले तर गोळ्या डबीत तशाच होत्या. सकाळी ठकीला खायला घालायचे आणि मग आपली गोळी घ्यायची, असा तिचा क्रम होता. ठकी गेली तसा तो क्रमही मोडला. घरोघरच्या वृद्धांबाबत हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पहिले दोन महिने त्यांच्या गोळ्या दुसऱ्याने हातात द्याव्यात.

लातूरची बहीण म्हणाली, "दादा, किल्लारीच्या भूकंपात लोकांची घरंच्या घरं गेली. इथं मांजराचं दुःख कोणत्या तोंडानं सांगू?" तिचे म्हणणे मी समजू शकतो. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट या जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही. पण मोठे दुःख दुसऱ्याच्या वाट्याला आले म्हणून आपले दुःख खोटे ठरत नाही. जे दुःख समाज मोजत नाही त्याचा अभ्यास अमेरिकेतील केनेथ डोका यांनी केला. १९८९ च्या त्यांच्या पुस्तकात त्यांनी दाखवून दिले की, असे दुःख मनात कोंडले जाते आणि म्हणून अधिक जाचते. प्राचीन इजिप्तमध्ये घरचे मांजर मेले की सगळे कुटुंब भुवया भादरीत असे, असे ग्रीक इतिहासकार हेरोडोटस लिहितो. तेथे ते दुःख उघडपणे पाळता येत होते.

रडू येणे, झोप मोडणे, मांजराचा आवाज आल्याचा भास होणे, हे सर्व काही आठवडे स्वाभाविक आहे. पुढील गोष्टी कराव्यात :

१) मांजराबद्दल घरात मोकळेपणाने बोलावे. वृद्धांना त्याच्या गोष्टी सांगू द्याव्यात.
२) जेवण, फिरणे व झोप यांच्या वेळा मोडू देऊ नयेत.
३) लहान मुलांना "ते झोपलंय" किंवा "पळून गेलं" असे सांगू नये. पहिल्याने मूल झोपेला घाबरते, दुसऱ्याने ते वाट पाहत राहते. "ते फार आजारी होतं, मेलं, आता परत येणार नाही," असे सरळ सांगावे व त्याला जवळ घ्यावे.
४) "आणखी आधी नेले असते तर" हा विचार बहुतेकांना येतो. म्हातारपणाच्या रोगाला आपण अटकाव करू शकत नाही, हे आपल्या माणसाला पुन्हा पुन्हा सांगावे.
५) दुसरे पिल्लू आणण्याची घाई करू नये. ज्याचे मांजर गेले त्याने स्वतःहून विषय काढला, तरच आणावे.

छातीत दुखू लागले तर मात्र "दुःखाने होतंय" म्हणून घरी बसू नये. अतिशोकाने हृदयाचा एक कप्पा फुग्यासारखा फुगतो. जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास या विकाराचे वर्णन करून त्याला 'ताकोत्सुबो' नाव दिले. अमेरिकेत साठी उलटलेल्या एका महिलेला आपली कुत्री गेल्यानंतर हाच विकार झाल्याचे २०१७ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. लक्षणे हृदयविकाराच्या झटक्यासारखीच असतात. म्हणून लगेच ईसीजी काढावा.

दोन आठवड्यांनंतरही जेवण-झोप सुधारत नसेल, रोजची कामे होत नसतील, तर डॉक्टरांना दाखवावे. जगावेसे वाटत नाही असे कोणी बोलू लागले, तर त्याला एकटे सोडू नये व लगेच मदत घ्यावी. सरकारची 'टेली-मानस' ही सेवा २०२२ साली सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क व मराठीतही बोलता येते.

माझ्या आईने सहा आठवड्यांनी ठकीची वाटी घासून परसात चिमण्यांच्या पाण्यासाठी ठेवली. रोज सकाळी ती त्यात पाणी घालते आणि मग गोळी घेते. तिचा रक्तदाब आता १३० वर स्थिर आहे. ज्यांच्या घरी म्हातारे मांजर आहे त्यांनी या आठवड्यात दोन कामे करावीत : मांजराचे वजन करून लिहून ठेवावे, आणि त्याच्यावर सर्वाधिक जीव लावणारे माणूस घरात कोण आहे, हे ध्यानात घ्यावे.