वसतिगृहातील ताट : आहारशास्त्राचा पहिला धडा

परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या मुलीला आहारशास्त्र पहिल्याच वर्षी शिकावे लागते. परंतु त्याचा खरा धडा वसतिगृहाच्या ताटात असतो. प्रात्यक्षिकात मैत्रिणी एकमेकींचे रक्त तपासतात, तेव्हा रुग्णाला सल्ला देणारी आपणच अशक्त आहोत, हे एखादीला कळते. स्त्रीचे हिमोग्लोबिन 12 ग्रॅमपेक्षा कमी असल्यास तो रक्तक्षय समजतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीनुसार पुरुषाला रोज 19, तर स्त्रीला 29 मिलिग्रॅम लोह हवे. तरीही घरातील स्त्री शेवटी उरलेसुरले खाते!

उपाय महाग नाहीत. वरण-भातात डाळ व तांदूळ एकमेकांच्या प्रथिनांची उणीव भरून काढतात. पालेभाजीवर, मटकीच्या उसळीवर लिंबू पिळावे. क जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर चहा टाळावा. तो हे शोषण रोखतो. रक्तक्षय असल्यास मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घ्याव्यात.

एकीची भाकरी, दुसरीची शेंगदाण्याची चटणी, तिसरीचे लिंबू एकत्र आले की आहार चौरस होतो आणि जेवणही हसतखेळत होते. मुलींनो, हा धडा सुटीत घरी न्या. आईला आपल्याच पंगतीत जेवायला बसवा.