हरणाऱ्याच्या पैशांवरील दलाली

नागरी सहकारी बँकेच्या कर्जविभागात आयुष्याचा मोठा भाग घालविल्यामुळे, कोणी कितीही मोठ्या लाभाची गोष्ट काढली तरी या व्यवहाराला तारण काय, आणि हा पैसा अखेर कोणाच्या खिशातून येणार, हे दोन प्रश्न प्रथम विचारण्याची जी सवय मला जडली ती सेवानिवृत्तीनंतरही सुटलेली नाही. आणि नेटवर्क मार्केटिंगच्या, म्हणजे माणसांची साखळी जोडून माल खपविण्याच्या, कंपन्यांची कागदपत्रे घेऊन आमच्या घरी येणाऱ्या तरुणांपैकी एकालाही या दोन प्रश्नांचे सरळ उत्तर देता येत नाही, हे पाहिल्यानंतर त्याविषयी सविस्तर लिहिणे मला कर्तव्य वाटू लागले.

माझ्या पुतण्याने ज्या कंपनीचे सभासदत्व घेतले, ती आरंभी साबण, दंतमंजन आणि शक्तिवर्धक चूर्ण विकीत असे. किमती अवाजवी होत्या, यात शंका नाही. परंतु पुडक्यावर वजन, किंमत आणि उत्पादकाचा पत्ता छापलेला असे, तसाच साबण पेठेतल्या दुकानात किती रुपयांना मिळतो हे कोणासही ताडून पाहता येई, आणि पैसे अडकलेच तर निदान वर्षभराचा साबण तरी घरात उरे. पुढे कंपनीने हा माल बंद करून मोबाइलवर पाहावयाच्या शिक्षणवर्गांचे ‘पॅकेज’ काढले, आणि त्यापाठोपाठ खेळांचे ॲप. “काका, आता पेट्या उचलायच्या नाहीत, उधारी नाही, माल पडून राहायची भीती नाही,” असे तो मोठ्या उमेदीने सांगत होता, आणि त्याला ही प्रगतीच वाटत होती. मला मात्र त्या बदलात तारणच नाहीसे झालेले दिसले. ज्या वस्तूची दुसरी प्रत काढण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही, जिची ‘मूळ किंमत’ कंपनी आपल्या मर्जीने लिहिते आणि त्याच कागदावर सभासदांसाठी सवलतही जाहीर करते, आणि जी साखळीबाहेरचा एकही मनुष्य आपण होऊन विकत घेत नाही, ती वस्तू म्हणजे प्रवेशशुल्काला दिलेले दुसरे नाव होय.

असे प्रकार आपल्याकडे यापूर्वीही घडून गेले आहेत, आणि त्यांचा विसर पडू देणे परवडणारे नाही. २०१० च्या सुमारास ‘स्पीक एशिया’ नावाच्या कंपनीने ११,००० रुपयांत एका इलेक्ट्रॉनिक नियतकालिकाची वर्षाची वर्गणी आणि प्रश्नावल्या भरून देण्याचे घरबसल्या काम देऊ केले. २०११ मध्ये पैसे मिळणे थांबले आणि प्रकरण मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे गेले. २०१९ मध्ये सायबराबाद पोलिसांनी ‘ई-बिझ’ या नोएडाच्या कंपनीच्या चालकांस अटक केली. तेथे १६,८२१ रुपये भरून संगणकशिक्षणाचे पॅकेज घ्यावयाचे आणि पुढे माणसे जोडावयाची, असा क्रम होता, आणि पोलिसांच्या सांगण्यानुसार सभासदांची संख्या १७ लाखांच्या घरात होती. पुण्यात ज्याचा तपास झाला त्या ‘गेनबिटकॉइन’ प्रकरणात दरमहा १० टक्के परतावा अठरा महिने देण्याचे आमिष होते, आणि पुढे बिटकॉइनऐवजी स्वतःच निर्माण केलेले नाणे सभासदांच्या हाती ठेवण्यात आले. वर्गणी, शिक्षण, नाणे ही नावे वेगवेगळी असली तरी तिन्ही ठिकाणी विकलेली वस्तू हातात धरता येण्याजोगी नव्हती, हे लक्षात घ्यावे.

साखळीचे गणितही एकदा कागदावर मांडून पाहावे. प्रत्येकाने दोनच माणसे आणावयाची, असे मानले आणि पहिली दोन माणसे ही पहिली पायरी धरली, तरी सव्विसाव्या पायरीपर्यंत एकूण संख्या १३ कोटींच्या वर जाते, आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे अखिल महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. शिवाय पूर्ण भरलेल्या अशा रचनेत निम्म्याहून अधिक माणसे सदैव शेवटच्या पायरीवरच असतात, म्हणजे ज्यांच्याखाली कोणीही नाही आणि ज्यांचे पैसे केवळ वर गेले आहेत अशीच असतात. हा कोणाच्या आळसाचा दोष नसून रचनेचाच धर्म आहे. मंगल कार्यालयात सभा भरवून, अपयशी ठरलेल्यांच्या माथी ‘मेहनत कमी पडली’ असा दोष मारणारे लीडर हे गणित कधीही फळ्यावर मांडीत नाहीत.

खेळांच्या ॲपने या रचनेत जी भर घातली ती मला सर्वांत अधिक निषेधार्ह वाटते. पुतण्याच्या मोबाइलमधील नियमावली मी अथपासून इतिपर्यंत वाचली. तीत सभासदाचे कमिशन त्याच्या डाउनलाइनने, म्हणजे त्याच्याखाली जोडल्या गेलेल्या माणसांनी, खेळात लावलेल्या रकमेवर आकारले जात होते. खेळ चालविणारा आपला हिस्सा प्रथम काढून घेतो, त्यामुळे दीर्घकाळ खेळणाऱ्या समुदायाची एकूण बेरीज तोट्याचीच असणार. मग हे कमिशन कोठून येते? ते हरणाऱ्याच्या पैशांतून येते, आणि हरणारा कोण, तर आपणच भिडेखातर ज्याला आणले तो मेहुणा, तो वर्गमित्र, ती शेजारची सून. साबण खपविणाऱ्याचा आपल्या नातलगाच्या नुकसानीशी एवढा थेट संबंध तरी नव्हता. येथे जवळच्या माणसाने अधिकाधिक खेळावे, म्हणजेच अधिकाधिक गमवावे, यातच आपली प्राप्ती असते. कुटुंबाच्या आतच अशी परस्परविरोधी हितसंबंधांची गाठ बांधणाऱ्या धंद्याला व्यापार म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही.

याहून सूक्ष्म, आणि कायद्याच्या दृष्टीने अधिक घातक, असे एक कलम त्याच नियमावलीत होते. वॉलेटमध्ये जमा झालेले ‘कॉइन’ बँकेत वळवून घेण्यास नाना अटी होत्या. मात्र नव्या सभासदाचा आयडी चालू करण्यासाठी ते वाटेल तेव्हा वापरता येत. परिणाम असा, की नवा इसम रोख रक्कम किंवा यूपीआयने पैसे देई ते माझ्या पुतण्याला, आणि पुतण्या त्याबदली आपले कॉइन कंपनीकडे वळते करी. नव्या माणसाचा एक रुपयाही कंपनीच्या खात्यात दिसत नाही, पावती तिच्या नावाची नसते, आणि ॲप बंद पडले की फिर्यादीत पैसे घेणारा म्हणून नाव येते ते गावातल्याच मुलाचे. पुढे माझ्या पुतण्याचे बँकखाते गोठविले गेले ते याच कारणाने. कंपनीने देणे फेडण्याचा भार आणि जबाबदारी, दोन्ही मोठ्या चतुराईने त्याच्या अंगावर ढकलली होती.

कायदा याबाबत मुळीच संदिग्ध नाही. १९७८ च्या प्राइझ चिट्स व मनी सर्क्युलेशन स्कीम्स (बंदी) अधिनियमाने पैशांच्या अशा अभिसरणाच्या योजना चालविण्यासच नव्हे, तर त्यांत सभासद होण्यास व भाग घेण्यासही मनाई केली आहे. ग्राहक संरक्षण कायद्याखालील २०२१ च्या थेट विक्री नियमांनी पिरॅमिड योजना निषिद्ध ठरविल्या आणि विक्रेत्याकडून प्रवेश वा नोंदणीशुल्क घेण्यास बंदी केली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी घातली. पैशांच्या मोबदल्यात घेतलेली कॉइन व टोकनेही त्यात ‘पैसा’च धरली आहेत, आणि अशा खेळाची जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व ५० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणून ‘आम्ही पैसे नव्हे, कॉइन लावतो’ ही सबब टिकणारी नाही, आणि व्हॉट्सॲपवर दुवा पाठविणाऱ्याने आपण केवळ निरोप्या आहोत अशी समजूत करून घेऊ नये.

म्हणून कोणी असे पॅकेज घेऊन आला, तर कमिशन शून्य धरून ही वस्तू या किमतीस आपण घेतली असती काय, एवढे स्वतःस विचारावे. आणि साखळीबाहेरच्या ग्राहकांकडून गेल्या वर्षी किती विक्री झाली, याचा लेखी आकडा मागावा. माझ्या पाहण्यात तो आकडा कोणी आणून दिलेला नाही. दुसऱ्याचे पैसे आपल्या खात्यात कोणत्याही सबबीवर घेऊ नयेत.

आणि जो आधीच अडकला आहे, त्याने नवी माणसे आणून जुनी भरपाई करण्याचा सल्ला, तो अपलाइनने, म्हणजे आपल्याला जोडणाऱ्याने, दिलेला असो वा वडीलधाऱ्यांनी, मुळीच मानू नये. ॲप चालू आहे तोवर वॉलेट, नियमावली आणि संदेशांची छायाचित्रे काढून घ्यावीत, बँकेचा उतारा घ्यावा, आणि पैसे नुकतेच गेले असतील तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे. वस्तूविषयी तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. माझ्या पुतण्याने मोटारसायकल विकून, आपण साखळीत आणलेल्या दोन घरांचे पैसे परत केले, त्याची लेखी पावती घेतली, आणि मग स्वतः पोलीस ठाण्यात जाऊन जबाब दिला. त्या दोन्ही घरांनी त्याच्याविरुद्ध तक्रार केली नाही. ज्यांनी आपल्या भरवशावर पैसे दिले त्यांच्याकडे, त्यांनी बोलावण्याची वाट न पाहता, आजच जाऊन बसावे, ही माझी अशा प्रत्येक तरुणास कळकळीची विनंती आहे.