गेल्या सालचा भाव बघून

आमच्या मिरजगावात कांदा करणाऱ्याला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. गेल्या सालचा भाव बघून या साली कांदा लावायचा नसतो. सगळेच लावतात आणि माल निघतो तेव्हा नेप्तीच्या बाजारात गाडीभाडंसुद्धा सुटत नाही. तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हे दोनदा सोसलंय. मी इंजिनिअर होऊन तीच चूक केली. पीक तेवढं वेगळं होतं, खनिज तेलाचं.

२०१३ साली नगरला मेकॅनिकलची पदवी घेतली आणि एमआयडीसीत नऊ हजारांवर चिकटलो. तेलाशी आमचा संबंध एवढाच, की अकोळनेरच्या डेपोवरून आलेला टँकर सोलापूर रस्त्याच्या पंपावर रिकामा होताना बघायचा. वर्षभरानं एक मित्र मला पुण्यात परदेशी शिक्षणाचं काम बघणाऱ्या एका एजंटाकडे घेऊन गेला. टेबलावर गुळगुळीत माहितीपत्रक होतं, मुखपृष्ठावर मावळत्या सूर्यासमोर समुद्रातली रिग. ऑइल अँड गॅस मॅनेजमेंट, एक वर्षाची मास्टर्स, ब्रिटन. जून २०१४ होता. ब्रेंट तेल पिंपाला ११५ डॉलरच्या आसपास होतं. “तेलाला मरण नाही,” एजंट म्हणाला. विद्यापीठांकडून त्याला विद्यार्थ्यामागं कमिशन मिळतं, हे मला फार नंतर कळलं.

घरी सांगितलं तेव्हा तात्यांनी एकच विचारलं. “शिकून आल्यावर तुला कामावर ठेवणार कोण? त्याचं नाव सांग.”

“कंपन्या ढीगभर आहेत,” मी म्हणालो.

“ढिगाला नाव नसतं,” ते म्हणाले आणि तरी सह्या केल्या. बँकेला शेतजमीन तारण म्हणून चालत नव्हती, म्हणून गावातला रस्त्याकडेचा बिगरशेती प्लॉट गहाण गेला. कर्ज अठरा लाख, व्याज साडेबारा टक्के.

सप्टेंबरात अ‍ॅबर्डीनला उतरलो. करड्या ग्रॅनाइटचं, स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचं हे गाव उत्तर समुद्रातल्या तेलावर मोठं झालेलं. दोन महिने छान गेले. २७ नोव्हेंबरला व्हिएन्नात ओपेकच्या देशांनी उत्पादन घटवायचं नाही असं ठरवलं आणि आधीच उतरणीला लागलेला भाव कोसळला. आमचे प्राध्यापक फळ्यावर प्रकल्पाचं गणित मांडायचे, त्यात पिंपाचा भाव १०० धरलेला असायचा. जानेवारीत त्यांनी तो खोडून ५० लिहिला. वर्गात कुणी बोललं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात बंदरावर फिरायला गेलो की रिगवर सामान नेणारी जहाजं एकाला एक खेटून बांधलेली दिसायची, कामाविना. मी अर्ज पाठवत होतो. त्याच जागांसाठी वीस वीस वर्षं समुद्रावर काढलेली, नुकतीच कमी केलेली माणसंही अर्ज करत होती. एका मुलाखतीत दोनच प्रश्न आले. ऑफशोअरला किती वर्षं काढली? शून्य. बोसिएट केलंय का? हेलिकॉप्टर पाण्यात पडलं तर उलटं लटकून बाहेर कसं यायचं, हे शिकवणारं प्रशिक्षण ते. त्याशिवाय तिकडं रिगवर पाय ठेवू देत नाहीत. माझ्याकडं तेही नव्हतं. मला रिगचं व्यवस्थापन शिकवलं होतं आणि रिग मी फक्त माहितीपत्रकावर पाहिली होती.

शिक्षण संपल्यावर दोन वर्षं राहून काम शोधायची सोय ब्रिटननं एप्रिल २०१२ मध्येच बंद केली होती. माझ्या हातात चार महिने होते. जानेवारी २०१६ मध्ये परतलो. त्याच महिन्यात, २० तारखेला, ब्रेंट २८ डॉलरच्या खाली गेलं. हप्ते सुरू होण्याआधीची सवलतीची मुदत संपेपर्यंत व्याजच साडेचार लाखांच्या घरात साचलं होतं. दहा वर्षांसाठी हप्ता बसला महिना सुमारे ३३ हजार. पुण्यात पहिला पगार मिळाला २२ हजार. वरचे अकरा हजार कांदा आणि दूध भरत होतं. शेवटी २०१९ साली प्लॉट विकला तेव्हा कर्ज फिटलं.

अभ्यासक्रम वाईट होता असं मी म्हणणार नाही. तिथं पायपर अल्फा या समुद्रातल्या तेल-फलाटाची दुर्घटना शिकलो. ६ जुलै १९८८, उत्तर समुद्र, १६७ माणसं गेली. दुरुस्तीसाठी एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह काढलेला होता आणि त्याच्या परमिटचा कागद रात्रपाळीपर्यंत पोचलाच नाही. रात्रपाळीनं तोच पंप चालू केला. आज मी शहरातल्या गॅसवाहिनीच्या कामावर आहे. पिवळा पाइप टाकायला माणूस खड्ड्यात उतरण्याआधी मी परमिट स्वतः वाचतो आणि पाळी बदलताना पुढच्याला मोठ्यानं वाचून दाखवतो. अठरा लाखांतलं एवढं तरी रोज कामाला येतं.

या वाटेनं जाऊ पाहणाऱ्या पोरांना आणि त्यांच्या आईवडिलांना माझं सांगणं असं.

आधी नोकरीची जाहिरात वाचा, माहितीपत्रक नंतर. ओएनजीसी, इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम, हिंदुस्थान पेट्रोलियम यांच्या गेल्या तीन वर्षांच्या भरतीच्या जाहिराती काढा. अभियंते घेताना या कंपन्या अभियांत्रिकीची पदवी बघतात आणि गेट परीक्षेचे गुण किंवा स्वतःची परीक्षा लावतात. वयाची अट कडक असते. परदेशी मॅनेजमेंटच्या पदवीनं तिथलं दार उघडत नाही, उलट ती घेईपर्यंत वय सरतं.

व्यवस्थापन नंतर, काम आधी. डेपो, पाइपलाइन, रिफायनरीची दुरुस्ती, सीएनजी स्टेशन, ठेकेदाराकडं का होईना, दोन-तीन वर्षं काढा. नेबॉशसारखा सुरक्षेचा अभ्यासक्रम किंवा बोसिएट यांचा खर्च पदवीच्या मानानं थोडा, आणि साइटवर आधी तेच विचारतात. त्यानंतरची मॅनेजमेंटची पदवी बढती देते. त्याआधीची नुसता हप्ता देते.

देशातलं बघून घ्या. धनबादची आयएसएम १९२६ सालची, आता ती आयआयटी आहे. जायसची राजीव गांधी पेट्रोलियम संस्था संसदेच्या २००७ च्या कायद्यानं झाली. गांधीनगर आणि डेहराडूनलाही या विषयाची विद्यापीठं आहेत, पुण्यात पेट्रोलियम इंजिनिअरिंग शिकता येतं. कुठंही गेलात तरी गेल्या वर्षी कुणाला, कुठल्या कंपनीत, किती पगारावर जागा मिळाली हे माजी विद्यार्थ्यांना फोन करून विचारा. संस्थेच्या कमानीवरचा आकडा धरू नका.

व्हिसाचा नियम ब्रिटन सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा. १ जुलै २०२१ पासून तिथं शिक्षणानंतर राहून काम करायची वाट पुन्हा खुली झाली. पण जी वाट एकदा बंद झाली ती पुन्हाही बंद होऊ शकते. तुम्ही पदवी घेऊन बाहेर पडाल त्या दिवशीचा नियम तुम्हाला लागणार.

कर्जाचं गणित उलटं मांडा. किती कर्ज मिळेल हे विचारू नका. मायदेशी परतलो तर पहिला पगार किती, आणि त्यात हप्ता बसतो का, हे आधी लिहा. सवलतीच्या काळात व्याज थांबत नाही, ते साचतं. जमत असेल तर शिकत असतानाच व्याज भरत राहा.

आणि भाव. तेलाचा भाव तेजीत असतो तेव्हाच हे अभ्यासक्रम जोरात खपतात, आणि पदवी हातात येईपर्यंत दीड-दोन वर्षं गेलेली असतात. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेत तेलाचा वायदा उणे ३७ डॉलरवर गेला, म्हणजे माल घेऊन जा म्हणून वर पैसे देण्याची पाळी आली. रस्त्यावर कांदा ओतणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

हल्ली गावी गेलो की कुणाचा तरी मुलगा माहितीपत्रक घेऊन येतो. मी त्याला कोरा कागद देतो आणि तात्यांचा प्रश्न विचारतो: तुला कामावर ठेवणाऱ्या पाच कंपन्यांची नावं लिही, आणि प्रत्येकीपुढं तिनं गेल्या वर्षी तुझ्यासारख्या किती नवख्यांना घेतलं ते लिही. तो कागद भरल्याशिवाय बापाची सही मागू नका.