चाकांवरच्या घराचं सांडपाणी जातं कुठे?

प्रश्न : मुलगा अमेरिकेत, व्हर्जिनियाला असतो. ऑक्टोबरात आम्ही दोघं तिकडे जाणार आहोत. रंगलेली झाडं दाखवायला तो आम्हाला मोटारहोमने ब्लू रिज पार्कवेवर नेणार आहे. ‘घरच बरोबर असणार, मग काळजी कसली?’ असं म्हणतो. मला मात्र नाही नाही त्या शंका येतात. या घरात वीज-पाणी येतं कुठून? संडासाचं पाणी जातं कुठे? आणि गाडी चालू असताना आत चहा टाकता येतो का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : शेवटच्या शंकेचं उत्तर एका शब्दात देता येतं : नाही. चालत्या गाडीत सगळ्यांनी पट्टा बांधून आपापल्या जागी बसायचं. शेगडी प्रोपेनवर चालते. ती पेटती ठेवून घाटरस्त्याने जाणं म्हणजे जिवाशी खेळ. कपाटांच्या दारांना खटके असतात तेही याचसाठी. निघताना एखादा लावायचा राहिला, की पहिल्याच वळणाला डबे खाली. पण या रस्त्यावर थोड्याथोड्या अंतराने दरीकडे तोंड करून गाडी उभी करायच्या जागा आहेत. तिथे इंजिन बंद करा आणि खुशाल आधण ठेवा.

आता पाण्याचं. गावातल्या घरात नळ सोडला की पाणी येतं, मोरीतून निघून जातं. मधलं सगळं नगरपालिका बघते. मोटारहोममध्ये ती नगरपालिकाही आपणच. गाडीच्या पोटात तीन टाक्या असतात. एकीत स्वच्छ पाणी, दुसरीत आंघोळीचं नि भांड्यांचं, तिसरीत संडासाचं. दुसरीला ‘ग्रे’ म्हणतात, तिसरीला ‘ब्लॅक’. भाड्याने मिळणाऱ्या मध्यम गाडीत एकेक टाकी साधारण शंभर ते दीडशे लिटरची. कुठली किती भरली ते दाखवणारे दिवे आत भिंतीवर असतात. तिघांनी घरच्यासारखं पाणी वापरलं तर ग्रे टाकी दोन दिवसांत तोंडाशी येते. ती भरली की स्वच्छ पाणी शिल्लक असूनही आंघोळ बंद.

टाक्या वाटेल तिथे सोडता येत नाहीत. त्यासाठी कॅम्पग्राउंडवर किंवा हमरस्त्यालगत ‘डंप स्टेशन’ असतं : सिमेंटचा उतरता ओटा, मध्ये झाकणाचं भोक, बाजूला पाण्याचा नळ. हातमोजे घालायचे. जाड नळीचं एक तोंड गाडीला घट्ट बसवायचं, दुसरं भोकात. आधी ब्लॅकची झडप ओढायची, ती पूर्ण रिकामी झाली की ग्रेची. हा क्रम उलटा करायचा नाही, कारण साबणाच्या पाण्याने नळी आतून धुऊन निघते. काही जण मुक्कामाच्या जागी गटाराला नळी जोडून ब्लॅकची झडप उघडीच ठेवतात. पातळ तेवढं वाहून जातं आणि उरलेलं टाकीच्या तळाशी घट्ट बसतं. मग ते निघता निघत नाही.

यावरून घरातली शिस्त ठरते. चहाचा गाळ, भाताची शितं, आमटीवरचं तेल सिंकमध्ये जाऊ द्यायचं नाही. आधी कागदाने पुसून मग भांडं धुवायचं. गरम पाण्याची टाकी बहुतेक गाड्यांत सहा गॅलनची, म्हणजे जेमतेम २३ लिटरची. बादलीभर पाण्यात आंघोळ उरकणाऱ्यांना ती पुरते, शॉवरखाली गाणी म्हणणाऱ्यांना नाही. अंग भिजवून नळ बंद, साबण, पुन्हा नळ, अशी सवय करा. आणि लाल मिरचीची फोडणी द्यायच्या आधी छतावरचा पंखा लावा, नाहीतर धुराची घंटा सगळ्या कॅम्पग्राउंडला उठवेल.

वीज दोन प्रकारची असते. दिवे आणि पाण्याचा पंप १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. मायक्रोवेव्ह, एसी यांना १२० व्होल्ट लागतात. ती वीज कॅम्पग्राउंडच्या खांबावरून घ्यायची किंवा जनरेटरवर काढायची. तुमचा २३० व्होल्टचा मिक्सर तिथे चालणार नाही, कुकर नेलात तर उपयोगी पडेल. गंमत म्हणजे हीटर प्रोपेनवर पेटतो, पण गरम हवा खोलीत ढकलणारा पंखा बॅटरीवर फिरतो. पार्कवेवरच्या सरकारी कॅम्पग्राउंडांत जागेवर वीज-पाण्याची जोडणी सहसा नसते आणि जनरेटर ठरावीक वेळेतच लावता येतो. संध्याकाळी बॅटरी उडवली, तर पहाटे गॅस भरपूर असूनही हीटर बंद पडतो. डोंगरमाथ्यावर ऑक्टोबरात रात्रीचं तापमान शून्याच्या आसपास येऊ शकतं, म्हणून हे आधीच सांगून ठेवलं.

मुलाने रस्ता मात्र चांगला निवडला आहे. शेनान्डोआ आणि ग्रेट स्मोकी माउंटन्स ही दोन राष्ट्रीय उद्यानं जोडणारा हा ४६९ मैलांचा, म्हणजे सुमारे ७५५ किलोमीटरचा डोंगरी रस्ता. काम १९३५मध्ये सुरू झालं, शेवटचा तुकडा १९८७मध्ये खुला झाला. मालवाहू ट्रकना बंदी आहे आणि वेगाची कमाल मर्यादा ताशी ४५ मैल. जेम्स नदीजवळ तो साडेसहाशे फुटांवर असतो आणि रिचलंड बॉल्समपाशी ६,०५३ फुटांवर जातो. रंगांचं सगळं गुपित या चढउतारात आहे. दिवस लहान झाले, रात्री गारठल्या, की पानातलं हरितद्रव्य विरतं. त्याखाली आधीपासून असलेला पिवळा दिसू लागतो आणि मेपलसारख्या झाडांत लाल नव्याने तयार होतो. हे माथ्यावर आधी घडतं, पायथ्याशी उशिरा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला वर रंग असतात, महिनाअखेरीला खाली. म्हणून तारखेवर अडून बसू नका. वर झाडं ओकी झाली असतील तर हजार-दोन हजार फूट उतरा. मुक्काम गाडीतच असल्याने बेत बदलायला हॉटेल आडवं येत नाही. मोटारहोमचा खरा फायदा तो हाच.

तोटाही याच रस्त्यावर कळतो. वाटेत २६ बोगदे आहेत, बहुतेक सगळे नॉर्थ कॅरोलिनात. ते कमानीचे असल्यामुळे मधली उंची जास्त, कडेच्या पांढऱ्या रेषेवरची कमी. त्यामुळे छतावरच्या एसीसकट गाडीची उंची मोजून चालकासमोर चिकटवून ठेवायला सांगा. उत्तरेकडून स्कायलाइन ड्राइव्हने आलात तर तिथला मेरीज रॉक बोगदा १२ फूट ८ इंचांचा आहे. पार्कवेवर पेट्रोलपंप नाही. बाजूच्या गावात उतरावं लागतं, आणि ही गाडी लिटरला साडेतीन-चार किलोमीटरच देते. २०२४च्या सप्टेंबरात हेलीन वादळाने नॉर्थ कॅरोलिनातला बराच रस्ता उद्ध्वस्त केला. म्हणून कुठला भाग खुला आहे, ते राष्ट्रीय उद्यान सेवेच्या संकेतस्थळावर निघण्याच्या आदल्या दिवशी बघा. सरकारी कॅम्पग्राउंड ऑक्टोबरअखेर बंद होऊ लागतात, तेव्हा बेत नोव्हेंबरात ढकलू नका.

तुमचा मुलगा म्हणतो तशी काळजी करायचं कारण नाही, पण कामं वाटून घ्यायला हवीत. खटके तपासणं तुमच्याकडे, दिव्यांवर नजर यजमानांची, बोगदे मुलाचे. डंप स्टेशनवर हातमोजे कोण घालणार, हेही गाडी ताब्यात घेण्याआधीच ठरवा. नंतर त्या कामाला घरात कोणी सापडत नाही.